लाल खणातली रिकीब

घोडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. पांढरी, पोटाशी मळलेली, गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा. नव्या रायपुरातले रस्ते एवढे रुंद की गावजेवणाच्या पंगती बसाव्यात, आणि माणूस मात्र औषधालाही नाही. त्या एवढ्या रुंदीत बाईसाहेबांना उभं राहायला नेमकी शिशिरच्या गाडीपुढचीच जागा सापडली. त्यानं ब्रेक दाबला, गाडी हिसका देऊन बंद पडली. घोडीनं मान वळवून काचेतून आत पाहिलं. बस्स, एवढंच झालं. कोणाला लागलं नाही, काही फुटलं नाही. पण शिशिरचे हात स्टिअरिंगवर जे आवळले ते आवळलेच. शेजारी त्याचे वडील, यशवंतराव, मांडीवर पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या नव्या खणाची पिशवी घेऊन बसले होते. मुलाचं मंत्रालय एकदा पाहायचं म्हणून रविवारी हट्टानं आले होते. बंद फाटकातून पाहून झालं होतं. "उतर न् हाकल तिले," ते मजेत म्हणाले. "तुले काय जड आहे? तू तर..." तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. गंधाली उतरली होती. समोरून न जाता बाजूनं गेली, घोडीच्या मानेवर तळवा ठेवला, जिभेनं टक् टक् केलं, दोरीचा तुकडा धरून तिला रस्त्याकडेच्या झाडाच्या लोखंडी जाळीपाशी नेऊन अडकवलं आणि ओढणीला हात पुसत परत येऊन बसली. "लग्नं नाहीत ना सध्या, म्हणून मोकळ्या सोडून देतात बँडवाले," ती म्हणाली. "चला." यशवंतरावांनी खिडकीतून घोडीकडे पाहिलं, मग आरशात सुनेकडे, आणि मग मुलाच्या हातांकडे. हातांकडे ते जरा जास्तच वेळ पाहत राहिले. नंतर शहरातलं तेलीबांधा येईपर्यंत हा माणूस, जो झोपेतही गप्प राहत नाही, एक अक्षर बोलला नाही.

कळलं. बाबांना कळलं. शिशिर गिअर बदलत होता, सिग्नलला थांबत होता. त्याच्या कानामागं घाम फुटला होता, एसी चालू असून. आता काय कळलं आणि काय नाही, याचा हिशेब लावण्यात अर्थ नव्हता. चाळिशी उलटून दहा वर्षं झालेला, मंत्रालयात अवर सचिव असलेला, ज्याच्या सहीसाठी लोक बाकावर बसून राहतात असा इसम, वरातीच्या थकलेल्या घोडीसमोर गाडीत बसून राहतो आणि बायको उतरते, एवढं दिसलं तरी पुरे होतं. गणिताच्या मास्तरांना पुढची पायरी शिकवावी लागत नाही. यशवंतराव जन्मभर गणिताचे मास्तर होते.

आडनाव शिलेदार. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा स्वार. भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुराहून या मुलखात आलेल्या कोण्या पूर्वजानं ते आडनाव घरात आणलं; पुढच्यांनी आडनाव तेवढं जपलं, घोडी जपली नाहीत. आजोबा कारकून, बाबा मास्तर. नाव शिलेदार आणि तात्यापाऱ्यातल्या घराच्या दारात उभी कोण, तर बाबांची सायकल. पण देवघरात एक रिकीब होती, स्वार जिच्यात पाय रोवून घोड्यावर चढतो ती लोखंडी कडी. जोडीतली एकच उरलेली, आणि तीही कोणी पाहिलेली नाही, कारण ती लाल खणात बांधलेली. घरातला शेवटचा घोडा गेला तेव्हा पणजोबांनी ती बांधली आणि सांगून ठेवलं, की या घरातलं माणूस पुन्हा घोड्यावरून घाट ओलांडेल तेव्हा त्यानंच गाठ सोडायची. तोवर दर खांडेनवमीला बांधलेलीच पुजायची. खण विरला की त्यावर नवा खण, गाठीवर गाठ. लहानपणी शिशिरला वाटे, आत काही नसेलच. गुंडाळी गुंडाळीतच सगळं संपत असेल. हे त्यानं एकदा बाबांना विचारलं, तेव्हा ते हसले नव्हते, रागावलेही नव्हते. "आहे रे आत," म्हणाले. "रक्तात आहे ते. आपल्याले शिकावं नाही लागत."

रक्तात आहे! याच वाक्यानं घात केला. कुलूच्या वरच्या अंगाला घोड्यांची सफर असते, माणसं दिवसचे दिवस घोड्यावरून डोंगरांतून हिंडतात, खेचरांवर तंबू, रोज नवा मुक्काम, हे शिशिरला कचेरीत कोणीतरी सांगितलं आणि त्याच्या डोक्यात जे भरलं ते भरलं. बाबा ऐंशीच्या पुढं गेले होते. गाठ त्यांच्या डोळ्यांदेखत सुटावी, एवढी एकच गोष्ट आपण करू शकतो, असं त्याला खरंच वाटलं होतं. त्या वाटण्यात खोट नव्हती. मुलगी अनुश्री परीक्षेमुळं घरी आजोबांजवळ राहिली आणि ही दोघं गेली. तिथल्या वाटाड्यानं, हरिदास त्याचं नाव, सगळ्यांना आधी कुरणात घोड्यावर बसवून फिरवलं. शिशिर बाजूला उभा राहिला. "हमारे तो खून में है," तो म्हणाला, आणि आडनावाचा अर्थही सांगितला, न विचारता. बरोबरचे पुण्याचे लोक कौतुकानं पाहू लागले. हरिदासनं मान डोलावली आणि त्याला सगळ्यांत तडफदार घोडी दिली, रेशमी. गंधालीला मिळाला भोलू, कान पडलेला, पोट सुटलेला. ती बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. तिच्या माहेरी घोडा कोणी पाहिला असेल तर टांग्याला. तिनं कुरणात तीन-तीनदा चकरा मारल्या, पडली, उठली, खोगिराचा पट्टा कसा आवळायचा ते दोनदा विचारलं. शिशिरला तिची जरा लाज वाटली होती तेव्हा. हे आठवलं की आता त्याला पाण्याचा घोटही गिळवत नसे.

पहिले दिवस कसेबसे गेले. मांड्या सोलून निघाल्या, पण बोलायची सोय नव्हती. स्वतःच स्वतःचं तोंड बांधून ठेवलेलं. सकाळी खोगिरावर चढताना खोगीर फिरायचं, तेव्हा गंधाली पलीकडून रिकीब दाबून धरायची, कोणी पाहत नाहीसं बघून. ओल्या गवताचा, घोड्यांच्या घामाचा, रॉकेलचा वास. रेशमीचे कान त्याच्या मनातलं ओळखून मागं वळायचे. आणि मग घाटातली ती उतरण आली. डोंगराची एक बाजूच्या बाजू ढासळून खाली गेलेली, तिच्यावरून पाऊलभर रुंदीची वाट, खाली नदी, पण आवाज येत नाही इतकी खाली. हरिदास खेचरं घेऊन पुढं गेला. पुण्याचे लोक गेले. भोलू गंधालीला घेऊन पाटावरून चालावं तसा गेला. रेशमी मात्र मध्यावर थांबली. लगाम ढिला सोडायचा, तिचं तिला चालू द्यायचं, हे कुरणात सगळ्यांना शिकवलेलं होतं; शिलेदारांनी ते ऐकलं नव्हतं. त्यानं लगाम ओढला. तिनं मान झटकली. त्यानं आणखी ओढला, मग कसा कोण जाणे तो खाली होता, गुडघ्यांवर, आणि पुढच्या दगडाकडे पाहत होता, आणि तो दगड हळूच सुटून गेला. गंधाली भोलूला पलीकडं सोडून चालत परत आली. "उठा," म्हणाली. तिनं हात दिला. तिच्या जॅकेटला त्यानं दोन्ही हातांनी धरलं, आणि धरून, हे त्याच्या हातांनी केलं, त्यानं नाही, असं तो कितीदा स्वतःला सांगून चुकला होता, तिला गरकन फिरवून दरीच्या बाजूला केलं आणि आपण डोंगराला पाठ लावली. तिचा एक पाय घसरला. रेशमीची दोरी तिच्या हातात होती ती ताणली, तळव्यातून सरसरत गेली, आणि थांबली. गंधालीनं पाय नीट रोवला. खाली पाहिलं, मग त्याच्याकडे. ओरडली नाही. "सोडा," ती म्हणाली. "एक एक बोट सोडा." तिनंच सोडवली, करंगळीपासून. मग त्याच्या हातात रेशमीची शेपटी दिली, आणि शिलेदार डोळे मिटून घोडीच्या शेपटीला धरून घाट ओलांडून आले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभलं असतं. भीती कोणाला वाटत नाही? पण फोनला रेंज आली, बाबांचा आवाज आला, "काय रे, झाला का घाट पार?" त्या आवाजात इतकी आशा होती, एखादं पोर मेळ्यातून बापानं काय आणलं विचारतं तशी, की शिशिरच्या तोंडून निघून गेलं. झाला ना बाबा. मध्येच रेशमी अडली. गंधाली घाबरली. मी तिला डोंगराच्या बाजूला केलं, स्वतः दरीकडून राहिलो आणि घोडी काढली. गंधाली शेजारी दगडावर बसून तळव्याला हळद लावत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा हळद लावू लागली.

रायपूरला आल्यावर हे रोजचं झालं. संध्याकाळी चहा झाला की यशवंतराव खुर्ची ओढून घेत, "हं, सांग. रेशमी अडली, मंग?" आणि शिशिर सांगे. येणारा-जाणारा असला तर त्याच्यासाठी पहिल्यापासून. रोज गोष्ट थोडी गुळगुळीत होत गेली. कुठं अडखळला तर गंधाली स्वयंपाकघराच्या दारातून पुरवायची, "वारा सुटला होता तेव्हा, बाबा." एकदा त्यांनी तिच्या तळव्यावरचा आडवा वण पाहून विचारलं, हे काहून? "भोलूची दोरी ओढली मी वेड्यासारखी," ती म्हणाली. अनुश्री कॉलेजात सांगे, माय पापा क्रॉस्ड इट. इथल्या मराठी मंडळाचे नरहरी देशकर, वय झालं तरी उत्साह दुथडी, त्यांनी तर जाहीरच केलं की यंदाच्या खांडेनवमीला शिलेदारांकडे रिकीब उघडणार, सगळ्यांनी यायचं. शिशिर हसून हो म्हणाला. माणूस एकदा हो म्हणाला की मग नाही म्हणायला जागा कुठं उरते? गंधाली रोज सकाळी स्कूटी काढून उरल्याच्या कारखान्यांकडे जायची, रोलिंग मिलच्या हिशेब खात्यात, लोखंड भरलेल्या ट्रकांच्या मधून, त्या लाल धुळीतून, आणि संध्याकाळी परत येऊन घाबरट बायको व्हायची.

घोडी आडवी आली त्या दिवसानंतर यशवंतरावांनी गोष्ट विचारली नाही. चहा झाला. खुर्ची जागची हलली नाही. त्यांनी पेपर उघडला. दुसऱ्या दिवशीही तेच. शिशिर कप हातात धरून समोर बसून राहायचा, बोलावणं येण्याची वाट पाहत, आणि न आल्यानं त्याचे कान गरम व्हायचे. रागावले असते तर बरं झालं असतं. "खोटारडा आहेस" म्हटलं असतं तर तो पाया पडला असता. पण बाबा त्याला सांभाळून घेत होते. नापास झालेल्या पोराच्या बापासमोर मास्तर हवापाण्याच्या गोष्टी काढतात, तसे ते म्हणायचे, "यंदा थंडी लवकर पडते वाटते." आणि पेपराआड जायचे.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी शिशिर स्वयंपाकघरात गेला. गंधाली खाली बसून कोचईची, म्हणजे अळूची, पानं निवडत होती. "बाबांना समजलं असेल का गं?" त्यानं विचारलं. ती पानाची शीर सोलत राहिली. "मले काय विचारता? त्यायले विचारा," ती म्हणाली. मग वर न पाहता, "एक सांगू? त्या उतरणीवर तुम्ही मले ओढलं, त्याचं माह्या मनात काही नाही. बुडता माणूस काहीही धरते. पण रोज संध्याकाळी, घरात, चहा पिऊन, पंख्याखाली बसून तुम्ही मले घाबरट करता. हे काही भीतीनं नाही होऊन राहिलं. हे सुचून होऊन राहिलं." "मग तू बोलली का नाहीस?" तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला आपलाच आवाज तक्रारीचा वाटला. "बाबांचं तोंड पाहून. तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "मले वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. जाऊ द्या. तेवढं बेसन द्या इकडं." त्यानं डबा दिला. मग बाहेर येऊन तो पंख्याखाली बसला.

सकाळी माणसं जमली. नरहरीकाका धोतर नेसून आले होते. मंडळातली पाच-सहा घरं, नऊवाऱ्या, अत्तर, चिवड्याच्या बश्या. देवघरापुढं पाट, पाटावर पंडरीचा नवा खण आसन म्हणून, झेंडूची फुलं. शिशिरला नवा सदरा टोचत होता. रात्रभर त्यानं मनात वाक्यं जुळवली होती: मंडळी, एक सांगायचं आहे. एवढंच जुळलं होतं, पुढचं जुळत नव्हतं. यशवंतरावांनी पूजा केली, आणि ती खणाची जाडजूड गुंडाळी हातात घेतली. सगळ्यांच्या माना शिशिरकडे वळल्या. "हं, शिशिरभाऊ, व्हा पुढं," नरहरीकाका म्हणाले. "ज्याचा मान त्याले. घोडामैदान आलं जवळ!" लोक हसले. शिशिरनं हात पुढं केला. बाबांनी गुंडाळी दिली नाही. ते स्वतःच गाठीशी बोटं घालून बसले, एवढं वय झालेली बोटं. मग मान हलवून म्हणाले, "गाठी लई जुन्या आहेत. आमच्या घरच्या माणसायच्यानं नाही सुटायच्या. सूनबाई, तू ये. तुह्या बोटायत जोर आहे." "हव, हव! हे बायकांचंच काम," नरहरीकाका म्हणाले. कोणाला काही कळलं नाही. तिघांना कळलं.

गंधाली पदराला हात पुसत आली, खाली बसली. एक गाठ सुटली, आतला खण निघाला, विटलेला. त्याच्या आत आणखी एक, त्याहून विटलेला. बाबांच्या लग्नातला, आजीनं बांधलेला, त्याआधीचा कोणाचा कोण जाणे. शेवटचा तर हातातच भुगा झाला. आणि आत रिकीब होती. खरंच होती! लहान, काळी, गंजानं खरखरीत, तळ एका बाजूनं झिजलेला. "गंगेत घोडं न्हालं!" नरहरीकाका ओरडले. यशवंतरावांनी हळदकुंकवाचं बोट आधी सुनेच्या तळव्यावरच्या वणाला टेकवलं, चुकून लागल्यासारखं, आणि मग रिकिबीला. शिशिरनं ते पाहिलं.

"फोटो, फोटो! अनु बेटा, मोबाईल काढ," काका म्हणाले. "शिशिरभाऊ, घ्या रिकीब हाती. वहिनी, तुम्ही जरा तिकडं सरा. अजून थोड्या. हां, कडेला." गंधालीनं रिकीब त्याच्या हातात दिली आणि ती सरली, सांगितल्यासारखी, देवघरापुढच्या पायरीच्या अगदी काठापर्यंत. पुन्हा काठावर. पुन्हा तो मध्ये, भिंतीला पाठ लावून. मंडळी, एक सांगायचं आहे. ओठ हलले असतील, आवाज निघाला नाही. मग त्याचं त्यालाच कळलं नाही कसे, पण त्याचे गुडघे टेकले. सगळ्या माणसांत, वडिलांसमोर, तो बायकोच्या पायाशी बसला आणि ती रिकीब दोन्ही हातांनी धरून तिच्या पावलाजवळ नेली, रोज सकाळी ती त्याच्यासाठी धरायची तशी. "चढ," तो म्हणाला. एवढंच म्हणता आलं. "पापा, ये क्या कर रहे हो?" अनुश्री म्हणाली. गंधाली एकदम खालच्या आवाजात बोलली, "अहो, उठा. लोक पाहून राहिले."

आणि टाळ्या पडल्या. "वा शिलेदार, वा!" नरहरीकाकांचे डोळे भरून आले. "पाहा रे पोट्ट्यांनो, याले म्हणतात मर्द! घाटातही बायकोले आधी सांभाळलं, अन् मान आला तर तोही तिले देऊन राहिला!" बायका पदरानं डोळे टिपू लागल्या, कोणीतरी म्हणालं, नशीब लागतं असा नवरा मिळायला. अनुश्री फोटो काढत होती, एकामागून एक. शिशिर वर पाहू शकत नव्हता. हेही त्याच्याच खात्यात गेलं होतं. त्यानं तोंड उघडायला हवं होतं, तेवढंच करायचं होतं, आणि त्यानं गुडघे टेकले होते. बाबांच्या धोतराची निरी त्याच्या डोळ्यांपुढून हलली, काठी टेकत आतल्या खोलीत गेली, दार हलकेच लोटलं गेलं. लोक चिवड्याकडे वळले. तो तसाच होता. हात निघत नव्हते, रिकिबीवर आवळून बसले होते, आणि गंजाचा वास नाकात शिरत होता. गंधाली त्याच्यासमोर खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं त्याची करंगळी धरली.

"सोडा," ती म्हणाली. "एक एक बोट सोडा."